हवेचा हिशेब मांडणारा इंजिनिअर: विलिस कॅरिअर आणि लातूर-नांदेडचा उन्हाळा

मे महिन्यातली दुपार. नांदेडच्या बाजारात पारा ४२ अंशांवर. दुकानात कूलर लावला की दहा मिनिटांत बरं वाटायला लागतं. तोच कूलर, तेच दुकान, पण महिना जुलैचा. बाहेर तापमान ३४ अंश, म्हणजे मेपेक्षा कितीतरी कमी. तरीही कूलरसमोर बसलेल्या माणसाच्या अंगाला घाम चिकटलेला, काउंटरवरचे कागद ओलसर आणि जीव नकोसा झालेला.

असं का होतं? या प्रश्नाचं गणिती उत्तर ११० वर्षांहून अधिक काळापूर्वी एका अमेरिकन इंजिनिअरने कागदावर मांडलं. त्याचं नाव विलिस कॅरिअर. आज एसीचा जनक म्हणून जग त्याला ओळखतं. पण त्याचं सर्वांत मोठं काम यंत्र बनवणं हे नव्हतं. हवेत उष्णता किती, पाणी किती, आणि ते कमी-जास्त करायला किती ऊर्जा लागेल, हा हिशेब त्याने घालून दिला. जगातल्या कुठल्याही इमारतीच्या कूलिंगचं किंवा हीटिंगचं डिझाइन आजही याच हिशेबाने होतं.

या हिशेबाची सुरुवात एका आकड्यापासून होते. तो आकडा म्हणजे बाहेरची हवा कशी आहे. आणि गेल्या काही दशकांत नेमका हाच आकडा हलायला लागला आहे. ही अडचण समजून घ्यायची तर आधी कॅरिअर यांची गोष्ट समजून घ्यावी लागते.

सफरचंदं आणि अपूर्णांक

विलिस हॅविलँड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या छोट्या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. विलिस एकुलता एक.

शाळेत त्याचं घोडं अपूर्णांकांवर अडलं. अर्धा, पाव, एक अष्टमांश, काही केल्या डोक्यात शिरेना. आईने तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि त्यांचे तुकडे करून, ते मिळवून आणि वजा करून त्याला अपूर्णांक शिकवले. प्रश्न कितीही मोठा वाटला तरी त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा सोडवायचा, ही सवय त्याला तेव्हा लागली, असं पुढे ते सांगत. तो ११ वर्षांचा असताना आई गेली.

घरची परिस्थिती बेताची होती. पण शिष्यवृत्ती मिळवून आणि पडेल ते काम करत त्याने कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. १९०१ मध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि बफेलो शहरातल्या बफेलो फोर्ज कंपनीत नोकरीला लागला. पगार आठवड्याला १० डॉलर.

ही कंपनी पंखे आणि गरम हवेची यंत्रणा बनवायची. म्हणजे थंड हवेच्या या माणसाची सुरुवात झाली ती उष्णतेपासून. लाकूड वाळवण्यासाठी, कारखाने उबदार ठेवण्यासाठी किती गरम हवा लागेल, हे तेव्हा बरंचसं अंदाजाने ठरायचं. अंदाज चुकला तर कंपनीला भुर्दंड बसायचा. कॅरिअर यांनी प्रयोग करून, मोजमाप घेऊन कोष्टकं बनवली. अंदाजाच्या जागी आकडा आला.

छपाईचा कागद फुगत होता

१९०२ च्या उन्हाळ्यात कंपनीकडे एक वेगळीच तक्रार आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट अँड विल्हेल्म्स नावाचा रंगीत छपाईचा कारखाना होता. त्या काळी एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळा छापला जायचा. दमट दिवसांत कागद हवेतलं पाणी शोषून किंचित फुगायचा. कोरड्या दिवसांत आक्रसायचा. मग दुसरा रंग पहिल्या रंगावर नीट बसायचा नाही. माल वाया जायचा आणि कामही खोळंबायचं.

कारखान्याला थंडावा नको होता. त्यांना हवी होती ठराविक दमटपणा असलेली हवा, बाराही महिने. कामगारांच्या सुखाचा विचार त्यात दूरवर कुठे नव्हता.

तेव्हा कॅरिअर यांचं वय होतं २५. त्यांनी अमेरिकेच्या हवामान खात्याची आर्द्रतेची कोष्टकं समोर घेतली. थंड पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब जमतात, तोच हा नियम. गार पृष्ठभागाला हवा लागली की तिच्यातलं जास्तीचं पाणी बाहेर पडतं. मग गार पाणी फिरणाऱ्या नळ्यांवरून हवा ओढली, आणि त्या नळ्या नेमक्या किती गार ठेवायच्या हे ठरवलं, तर हवेत किती पाणी उरेल हेही ठरवता येईल. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेले त्या यंत्रणेचे आराखडे आज आधुनिक एसीची सुरुवात मानले जातात.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना कॅरिअर यांच्यासमोर दाट धुकं पसरलं होतं. धुकं म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली हवा. पण त्या दिवशी थंडी होती, त्यामुळे पूर्ण भरूनही त्या हवेत पाणी तसं थोडंच होतं. तिथे त्यांना कल्पना सुचली. आपण स्वतःच हवं त्या तापमानाचं धुकं तयार केलं तर? हवेतून गार पाण्याचे फवारे सोडायचे. हवा त्या तापमानाला जेवढं पाणी धरू शकते तेवढंच तिच्यात राहील. नंतर ती थोडी गरम करून आत सोडायची.

पाणी फवारून हवा कोरडी करायची, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण ते चाललं. १९०६ मध्ये त्याचं पेटंट त्यांना मिळालं.

सूतगिरणीचा प्रश्न

त्यांचे सुरुवातीचे महत्त्वाचे ग्राहक होते अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापड गिरण्या. तिथली अडचण छपाईच्या उलटी होती. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होतं आणि तुटतं. शेकडो चात्या फिरत असताना होणाऱ्या उष्णतेने हवा आणखी कोरडी पडते. एअर कंडिशनिंग हा शब्दही याच धंद्यातून आला. स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने तो १९०६ मध्ये वापरला.

मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही. नांदेडची ओळख एके काळी कापसाची बाजारपेठ आणि निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल अशी होती. कापसाचा धागा कॅरोलिनातला असो की गोदाकाठचा, कोरड्या हवेत तो तुटणारच. मेमधल्या नांदेडच्या हवेत आर्द्रता किती असावी हा प्रश्न एसी येण्याच्या कितीतरी आधी सूत कातणाऱ्यांना पडलेला होता.

१९११: हवेचा नकाशा

डिसेंबर १९११ मध्ये कॅरिअर यांनी अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. त्यात हवेचं तापमान, तिच्यातलं पाणी आणि उष्णता यांचं नातं सूत्रांत बांधलं होतं आणि सोबत एक आलेख होता. त्यालाच आज सायक्रोमेट्रिक चार्ट म्हणतात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो.

हा चार्ट म्हणजे हवेचा नकाशाच आहे. बाहेरच्या हवेचा एक ठिपका द्यायचा, आत हवी असलेल्या हवेचा दुसरा ठिपका द्यायचा. या दोन ठिपक्यांमधला प्रवास किती लांब आहे, त्यावरून यंत्र किती मोठं लागेल ते कळतं.

कूलरचं कोडंही याच नकाशावर सुटतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की तापमान उतरतं, कारण पाणी वाफ होताना उष्णता खेचून घेतं. हे ओल्या फडक्याचं तापमान म्हणजे कूलरची मर्यादा. कूलर त्याच्या खाली जाऊच शकत नाही.

मे महिन्यात हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचं तापमान साधारण २४ अंश येतं. चांगला कूलर त्या अंतराच्या ८० टक्के मजल मारतो असं धरलं, तर त्यातून २८ अंशांच्या आसपासची हवा मिळते. म्हणजे तब्बल १४ अंशांचा फरक. जुलैत हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचं तापमान २८ अंशांच्या वर जातं. तोच कूलर आता हवा जेमतेम साडेचार अंशांनी उतरवतो आणि वर खोलीत दमटपणा भरतो. यात कूलरचा काही दोष नाही. मेचा ठिपका आणि जुलैचा ठिपका नकाशावर वेगळ्या ठिकाणी आहेत, एवढंच.

कारखान्यातून सिनेमागृहात

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बफेलो फोर्जने या कामातून हात आखडता घेतला. कॅरिअर आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले. १९१५ मध्ये सात जणांनी मिळून ३२,६०० डॉलरच्या भांडवलावर स्वतःची कंपनी काढली.

एक मोठी अडचण अजून बाकी होती. तेव्हाच्या थंड करणाऱ्या यंत्रांत अमोनिया वापरला जायचा. तो विषारी. कारखान्यात चालून जायचं, पण माणसांनी भरलेल्या नाट्यगृहात तो गळला तर? शिवाय यंत्रं अवाढव्य होती. १९२२ मध्ये कॅरिअर यांनी फिरत्या चक्राने वायू दाबणारं, म्हणजे सेंट्रीफ्यूगल पद्धतीचं नवं यंत्र लोकांपुढे आणलं. ते आकाराने लहान होतं आणि त्यात अमोनियाही नव्हता.

१९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात अशी यंत्रं बसली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या रिव्होली थिएटरची पाळी आली. पहिल्या दिवशी यंत्रणा सुरू व्हायला उशीर झाला. लोक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. थिएटर भरलं तेव्हा सगळीकडे पंखेच पंखे हलत होते. कॅरिअर आणि त्यांची माणसं मागे उभी राहून पाहत होती. हळूहळू हवा गार होत गेली. एकेक पंखा थांबत गेला आणि शेवटी सगळे मांडीवर विसावले. त्या काळी उन्हाळ्यात अमेरिकेतली थिएटरं ओस पडायची. त्या दिवसानंतर उन्हाळा हाच सिनेमाचा हंगाम होत गेला.

ही लाट लवकरच मुंबईतही पोहोचली. कुलाब्याजवळचं रीगल १९३३ मध्ये सुरू झालं तेच वातानुकूलित थिएटर म्हणून.

१९३० च्या दशकात मंदी आली आणि कंपनीला झळ बसली. पुढे ती न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात गेली. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात कॅरिअर कंपनीने बर्फाच्या घराच्या आकाराचं, म्हणजे इग्लूसारखं दालन उभारलं होतं. घरोघरी एसी असेल असं स्वप्न त्यात दाखवलं होतं. पण मग दुसरं महायुद्ध आलं आणि घरातला एसी लांबणीवर पडला. तो खरा पसरला युद्धानंतर. त्याची सुरुवातच पाहायला कॅरिअर होते. ७ ऑक्टोबर १९५० रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

हिशेबात गृहीत धरलेली गोष्ट

कॅरिअर यांच्या पद्धतीत बाहेरच्या हवेचा ठिपका कुठून येतो? हवामान खात्याच्या जुन्या नोंदींवरून.

इंजिनिअर वर्षातल्या सर्वांत उष्ण तासासाठी यंत्र निवडत नाही. तसं केलं तर यंत्र फार मोठं, महागडं होईल आणि उरलेलं वर्षभर अर्ध्या ताकदीने रडतखडत चालेल. म्हणून गेल्या काही दशकांच्या नोंदी पाहून असा आकडा निवडतात, जो वर्षातले फार थोडेच तास ओलांडला जातो. समजा १ टक्का. वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे साधारण ८८ तास यंत्र कमी पडेल हे मान्य करूनच डिझाइन होतं.

या पद्धतीत एक गोष्ट न बोलता धरलेली आहे. येणारी वर्षं गेलेल्या वर्षांसारखीच असतील. कॅरिअर यांच्या काळात असं समजायला काही हरकत नव्हती. आज आहे.

औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या तुलनेत पृथ्वीचं सरासरी तापमान २०११ ते २०२० या दशकात सुमारे १.१ अंशांनी वाढलेलं होतं. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढल्याचं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. आकडा किरकोळ वाटतो. पण सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस बरेच वाढतात. जुन्या नोंदींनुसार ८८ तासांसाठी सोडलेली सूट मग तेवढ्यावर थांबत नाही. शिवाय हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे ठिपका फक्त गरमकडे सरकत नाही, पाणी उपलब्ध असेल तिथे दमटकडेही सरकतो.

थंड देशांत याचा परिणाम उलटा दिसतो. तिथे हीटिंगची गरज कमी होते आहे आणि ज्या घरांत कधी एसी नव्हता तिथे तो लागतो आहे.

मराठवाड्यात आणखी एक पेच आहे. एसीच्या डब्यावर लिहिलेली टनांची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नांदेडच्या गच्चीवर दुपारच्या उन्हात ठेवलेल्या आउटडोअर युनिटभोवतीची हवा त्याहून खूप तापलेली असते. तेवढ्या गरम हवेत उष्णता फेकताना यंत्राची क्षमता घटते आणि वीज जास्त लागते. म्हणजे ज्या तासाला गरज सर्वांत जास्त, त्याच तासाला यंत्र सर्वांत कमजोर.

यावर मोठा एसी घ्यायचा, हा सोपा उपाय वाटतो. पण गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करून बंद पडतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात अशी खोली गार, पण ओलसर आणि कुबट राहते. थंडावा आणि दमटपणा हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे कॅरिअर यांनी १९०२ मध्येच दाखवलं होतं.

लातूरचं पाणी आणि कूलरचं पाणी

मग मराठवाड्यात कूलरच बरा, असं कुणी म्हणेल. कोरड्या उन्हाळ्यात तो एसीपेक्षा कितीतरी कमी विजेवर चालतो, हे खरंच आहे. पण तो पाणी पितो.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण पाऊण युनिटच्या जरा खाली एवढी उष्णता शोषली जाते. एक टनाचा एसी तासाला साडेतीन युनिट उष्णता बाहेर काढतो. तेवढंच काम कूलरला करायचं तर त्याला तासाला ५ लिटर पाणी लागतं. दिवसाचे १० तास धरले तर ५० लिटर.

आता एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सुरुवातीच्या गाड्यांना १० वाघिणी होत्या आणि एका खेपेत ५ लाख लिटर पाणी यायचं. वरच्या हिशेबाने ते सगळं पाणी १०,००० कूलर एका दिवसात वाफ करून टाकतील. पिण्यासाठी रेल्वेने पाणी आणणाऱ्या शहरात कूलर भरायचा कशाने? ज्या वर्षी उन्हाळा सर्वांत कडक, बहुधा त्याच वर्षी पाणीही सर्वांत कमी. म्हणून इथे कूलिंगच्या डिझाइनमध्ये तापमान आणि आर्द्रता यांच्या जोडीला धरणातला साठाही मोजावा लागतो. कॅरिअर यांच्या चार्टवर तो कुठेच नाही.

माळवद, किल्लारी आणि पत्रा

यंत्रं येण्याआधी मराठवाड्याने उन्हाळा कसा काढला? दगडाच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी खणांवर अंथरलेला मातीचा जाड थर. दुपारची उष्णता एवढी जाडी ओलांडून आत यायला कित्येक तास घेते. ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते, बाहेर गारवा येतो आणि भिंत पुन्हा निवते.

पण याच माळवदांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जीव घेतले. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगावली. त्यातली कितीतरी झोपेतच दगड-मातीखाली गाडली गेली. त्यानंतर या भागात जड छताची भीती बसली, आणि ती रास्त होती. गावं नव्याने वसली ती पातळ भिंती, सिमेंटचे ठोकळे आणि स्लॅब घेऊन. जोडीला पत्र्याच्या खोल्या वाढल्या. भूकंपात पत्रा माणसाला मारत नाही. पण मेच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. आणि तिथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना एसीचं बिल झेपणारं नाही.

आता हवामान बदलाने जुन्या उपायातही खोट काढली आहे. जाड भिंत दिवसभर उष्णता साठवते ती रात्रीच्या गारव्याच्या भरवशावर. रात्रीच गरम राहायला लागल्या, तर भिंत निवणार कधी? दुसऱ्या दिवशीचा सूर्य आदल्या दिवसाच्या उष्णतेवर नवी भर घालतो. माळवदाचं शास्त्र चुकलेलं नाही. पण तेही जुन्या रात्री गृहीत धरूनच तयार झालं होतं.

यंत्राची परतफेड

या गोष्टीत आणखी एक वळण आहे. १९२८ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाच्या गटाने विषारी नसलेले, पेट न घेणारे सीएफसी वायू शोधले. थंड करणाऱ्या यंत्रांच्या उद्योगाने ते उचलून धरले. तेव्हा ते वरदानच वाटले होते. पुढे कळलं की ते ओझोनचा थर विरळ करतात. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हद्दपार होत गेले. त्यांच्या जागी आलेले एचएफसी वायू ओझोनला त्रास देत नाहीत, पण ते उष्णता अडवतात. आज घरगुती एसीत सर्रास असणारा आर-३२ हा वायू १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता अडवतो. आधीचे काही वायू २,००० पटींच्या घरात होते. म्हणून २०१६ मध्ये किगाली इथे एचएफसीही कमी करत नेण्याचा करार झाला. भारत त्यात आहे आणि २०४७ पर्यंत मोठी कपात करायची आहे.

त्यात एसीला लागणारी वीज अजूनही मोठ्या प्रमाणात कोळशातून येते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅनच्या अंदाजानुसार २०१७-१८ ते २०३७-३८ या २० वर्षांत देशाची कूलिंगची मागणी सुमारे ८ पट होईल. म्हणजे खोली गार करण्याचं यंत्रच बाहेरचा ठिपका आणखी सरकवायला मदत करतं. याचा दोष कॅरिअर यांना देता येणार नाही. त्यांनी सोडवला होता कागद फुगण्याचा प्रश्न.

मग आता डिझाइन कसं करायचं?

पहिला बदल म्हणजे ठिपका कुठे द्यायचा हा. इमारत ५०-६० वर्षं उभी राहते, एसी १०-१५ वर्षांत बदलतो. म्हणून भिंत, छत, खिडकी यांचा विचार पुढच्या अर्ध्या शतकाच्या हवेसाठी करावा लागतो आणि यंत्राचा विचार पुढच्या दशकासाठी. जुन्या नोंदी लागतातच. पण शक्य तितक्या ताज्या नोंदी घ्यायच्या आणि पुढची वाढ त्यात धरायची.

दुसरा बदल क्रमाचा. आधी उष्णता आत येऊच द्यायची नाही आणि जी उरेल तिच्यापुरतंच यंत्र घ्यायचं. मराठवाड्यातल्या एकमजली घरात सर्वांत जास्त उष्णता येते ती छतातून. छताला चुन्याचा किंवा पांढरा परावर्तक रंग दिला की त्याचं तापमान लक्षणीय उतरतं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे त्यात पांढऱ्या छतांनाही जागा दिली. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये खास कूल रूफ धोरणच आणलं. घरांच्या छत-भिंतींतून किती उष्णता येऊ द्यायची याची मर्यादा २०१८ च्या इको निवास संहितेत आखून दिलेली आहे. किल्लारीने शिकवलेला धडा न विसरता, हलकं पण उष्णता अडवणारं छत हा या भागाचा खरा शोध असू शकतो.

तिसरा बदल एकाच यंत्रावर विसंबायचं नाही, हा. कोरड्या दिवसांत आणि पाणी असेल तेव्हा कूलर, दमट दिवसांत पंखा किंवा बेताचा एसी, रात्री हवा गार असेल तर उघड्या खिडक्या. वीज गेली तरी खोली काही तास सुसह्य राहील का, हा प्रश्नही डिझाइनमध्ये धरावा लागतो. लातूरच्या दवाखान्यात किंवा नांदेडच्या वसतिगृहात त्या काही तासांवर कुणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

हे सगळं करताना इंजिनिअरच्या समोर अजूनही कॅरिअर यांचाच चार्ट असतो. ११० वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याच्या रेषा चुकलेल्या नाहीत, कारण पाणी आणि हवा यांचे नियम बदललेले नाहीत. बदलली आहे ती बाहेरची हवा. लातूरच्या नव्या इमारतीसाठी त्या चार्टवर पहिला ठिपका देताना आता एक प्रश्न जास्तीचा विचारावा लागतो: हा उन्हाळा कोणत्या सालचा धरायचा?